एकावन्नाव्या झाडापर्यंत

मी, कालव्यामागच्या टोमॅटोवाल्यांची थोरली सून, वय ४९ वर्षे, शिक्षण मॅट्रिक पास, व्यवसाय घरकाम व घरचा हिशेब, राहणार कालव्यामागील गल्ली, शेडनेटला लागून असलेले घर, आज दिनांक ४ रोजी सकाळी सव्वादहा वाजता ठाण्यात आपणहून हजर राहून जबाब देते, तो असा:

काल दुपारी पार्सलच्या गाडीने आमच्या घरी माल आला. रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली टोमॅटोची रोपे ३३१, दर ९ प्रमाणे २,९७९. ब्लीचिंग पावडर, पिशवी एक, २१०. चाकू नवा एक, कागदात गुंडाळलेला, ६०. पैसे आगाऊ भरलेले. पावती माझ्या धाकट्या दिरांच्या नावाची, तारीख मागच्या महिन्याची १६. ती सोबत जोडली आहे. मी माल उतरवून घेतला, रोपे सावलीत ठेवली व पाणी दिले. पती त्या वेळी बाजारात होते.

पतींनी १५ तारखेला याच ठाण्यात फिर्याद दिली, की या दिरांनी विषारी पूड टाकून आमची टोमॅटोची झाडे मारली. १६ पासून दीर बेपत्ता आहेत व आपल्या कागदावर ते फरारी आहेत. त्या फिर्यादीत माझाही जबाब आहे. दिरांना बुंध्याशी पांढरी पूड टाकताना मी पाहिले, असे मी सांगितले होते. ते खरे आहे. त्या दिवशी जे सांगितले नाही, ते आज सांगते.

आमच्या शेडनेटमध्ये सहा रांगा, रांगेत सत्तर झाडे. मागच्या महिन्याच्या २ तारखेला पहिल्या रांगेतली चार झाडे हिरवीच्या हिरवी माना टाकून बसली. पती म्हणाले, पाणी कमी पडले. ते पाईप आणायला गेले. दिरांनी एका झाडाचे खोड कापून, काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात लोंबते धरले व मला हाक मारली. कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरत होता. दीर म्हणाले, "वहिनी, बघून ठेवा. हा मर रोग. झाडाच्या आतल्या नळ्याच तुंबल्यात, वरून कितीही पाणी घाला. आणि हा मातीतून, पायांतून, चाकूवरून पुढच्या झाडाला जातो." मी पाहिले. नंतर चहाला ग्लास कमी पडला म्हणून ते पाणी मोरीत ओतून मी ग्लास घासून ठेवला. पती परत आले तेव्हा त्यांना दाखवायला काही उरले नव्हते.

३ तारखेला दिरांनी पहिली रांग सगळी उपटून जाळली. खड्ड्यांत ब्लीचिंग पावडर टाकली. मी पाहिली ती हीच पूड. पती म्हणाले, "आले आमचे डॉक्टर! नाडी बघायच्या आधीच पेशंटला काडी लावतात. वर फी पण मीच द्यायची ना?" दीर म्हणाले, "दादा, आज सत्तर जाऊ दे. नाहीतर सगळी जातील." पती हसले. मीही हसले.

दिरांनी दाराशी चुन्याचा ट्रे ठेवला. आत येणाऱ्याने त्यात पाय द्यायचा. कोणी विसरले की ते कामातून मान वर न करता म्हणत, "वहिनी, पाय." शिवाय ब्लीचिंगच्या पाण्याचा डबा ठेवला. प्रत्येक झाडानंतर चाकू त्यात बुडवायचा.

४ तारखेला फुटवे काढायचे काम मी केले. चाकू सासूबाईंच्या वेळचा, चांगल्या पोलादाचा. डब्यातल्या पाण्याने त्यावर काळे डाग पडू लागले. चांगली वस्तू नासते म्हणून मी चाकू बुडवायचे सोडले व फडक्याला पुसत गेले. दुसऱ्या रांगेचे पहिले झाड किंचित मलूल होते. त्याचेही फुटवे काढले. ती रांग संपवून तिसरी, चौथी व पाचवी रांग घेतली. पाचव्या रांगेत एकावन्न झाडे झाली तेव्हा माझी देवापुढे बसायची वेळ झाली. ती मी आजवर चुकवलेली नाही. चाकू तिथेच ठेवून मी उठले. राहिलेले काम दुसऱ्या दिवशी दिरांनी त्यांच्या चाकूने केले.

१२ पासून झाडे बसू लागली. १४ तारखेला सकाळी मी मोजली. दुसरी, तिसरी व चौथी रांग पूर्ण गेली होती. पाचवीतली एकावन्न गेली होती. त्यापुढची एकोणीस व सहावी रांग उभी होती. आजही उभी आहेत. हे मी कोणाला सांगितले नाही. देवालाही नाही. दुसऱ्या दिवशी या ठाण्यात येऊन पांढऱ्या पुडीबद्दल सही केली.

त्याच दुपारी हवालदार चौकशीला शेडनेटमध्ये आले. पूड कोणी टाकली, असे त्यांनी विचारले. दीर म्हणाले, "मीच." कशासाठी, असे विचारले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहत होते. ते म्हणाले, "मीच टाकली, एवढं लिहा." त्यांना दुसऱ्या दिवशी दहाला ठाण्यात बोलावले होते. १६ ला सकाळी सहा वाजता ते पिशवी घेऊन निघाले. दारात म्हणाले, "वहिनी, रोपं लावताना कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्या, म्हणजे मर धरणार नाही." मी "बरं" म्हटले. कुठली रोपे, हे विचारले नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. बेरीज-वजाबाकी मी शिकवली.

दाराशी चुन्याचा ट्रे अजून आहे. रोज संध्याकाळी मी चुना सपाट करते. सकाळी त्यात अनवाणी पाऊल असते, डावे, करंगळी नसलेले, आत जाणारे. बाहेर येणारे नसते. दिरांच्या डाव्या पायाची करंगळी लहानपणी कुदळीने गेली. पतींचे पाय धड आहेत. हे सांगितले तेव्हा हवालदार म्हणाले, "बाई, चुन्यातल्या पावलाला मी समन्स कसं बजावू?" मी म्हटले, बजावू नका, फक्त लिहा. मी आत शिरताना "वहिनी, पाय" असे ऐकू येते. हे लिहू नका म्हटले, ते त्यांनी लिहिले.

जाळलेली सत्तर, तीन रांगांची दोनशे दहा व एकावन्न मिळून ३३१ होतात. हा आकडा मी दिरांना सांगितलेला नव्हता. त्यांनी तेवढीच रोपे मागवली आणि एक चाकू मागवला.

दिरांनी झाडे मारली नाहीत. पहिल्या रांगेनंतरची माझ्या हातून गेली. त्यांच्या नावापुढचा फरारी हा शब्द काढावा, ही विनंती.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, मग मी स्वतः वाचला. मी सांगितले तसाच आहे. या खेपेस काही गाळलेले नाही.

फोन पतींकडे असतो व मी इथे आल्याचे त्यांना ठाऊक नाही. म्हणून माझा पत्ता घातलेली दोन पोस्टकार्डे सोबत ठेवत आहे. दिरांचा ठावठिकाणा लागल्यास पहिल्या कार्डावर उलट टपाली कळवावे. लागला नाही, तर दुसऱ्यावर तसे कळवावे. तोवर रोपे मी सावलीतच ठेवते.