पोळपाटापर्यंत गारवा

माहेर माझं जालन्याकडचं, उन्हातच वाढलेली मी, त्यामुळे दिल्लीचा उन्हाळा मला काय नवा, असं लग्न होऊन इथे आले तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे. आमचे हे विमानतळावर टॅक्सी चालवतात, घर पालममध्ये, आणि मी द्वारकेत मराठी लोकांकडे पोळी-भाजी करते. इथल्या बायका हाताने फुलके छान करतात गं, पण घडीची पोळी नाही जमत. ती माझी. सोसायटीच्या गेटवर गार्डसुद्धा म्हणतो, पोळीवाली दीदी आ गयी. हे ऐकलं ना, की मला बरं वाटतं, खोटं कशाला सांगू.

तर माझ्या पोळ्यांच्या घरांपैकी एक, काका-काकूंचं घर. काका सरकारी खात्यात इंजिनियर होते, आता रिटायर. एसीच्या बाबतीत इतका शिस्तीचा माणूस मी पाहिला नाही. एसी सव्वीसवर, वर पंखा हळू. पश्चिमेचे पडदे ऊन यायच्या आत ओढलेले. रविवारी एसीची जाळी काढून नळाखाली धुणार, सावलीत वाळवणार. बेडरूमच्या दाराखाली फट होती, तिथे जुन्या सतरंजीची गुंडाळी. आणि कोणी दार जरा उघडं ठेवलं की हॉलमधून आवाज, दार! काकू म्हणायच्या, मी मेले तरी हे आधी दार लावतील आणि मग रडतील. मी तर हसून हसून लाटणं खाली टाकायचे.

पण स्वयंपाकघराचं दारही त्यात आलं ना. सगळ्याच घरांत तसं. बाहेर गार, आत मी. पंखा लावायची सोय नाही, गॅसची ज्योत हलते. एका घरी तर एसी अठरावर, माणसं चादरी पांघरून बसलेली, आणि एकेक गरम पोळी हवी, म्हणून मी भर दुपारी बंद दाराआड. काय सांगू तुला, घाम डोळ्यांत जायचा तरी हात पिठाचे. एका मे महिन्यात त्याच घरी मला चक्कर आली, ओट्याच्या कोपऱ्यावर पडले, इथे बघ, कपाळावर खूण आहे. डॉक्टर म्हणाले, बीपी आहे, उष्णतेत उभं राहायचं नाही. आमचे हे म्हणाले, बस झालं, सोड काम, आपल्याला काय कमी आहे. कमी नाही गं. पण घरी बसून मी कोण? पालममधल्या त्या खोलीत दिवसभर माझ्याशी बोलणारं कोण?

काकूंना सांगायला गेले, उद्यापासून येत नाही. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. काका पेपरमागून एवढंच म्हणाले, उद्या एक दिवस ये, सकाळी आठला, दुपारी नको.

गेले, तर स्वयंपाकघराला दारच नाही. काकांनी बिजागऱ्या खोलून ते गॅलरीत उभं केलेलं. पोळपाट जेवणाच्या टेबलावर, एसीसमोर. मी म्हटलं, काका, थंडी वाया जाईल. तर म्हणाले, वाया कशी? जिथे माणूस नाही तिथे गेली तर वाया, इथे तू आहेस ना? काकू लगेच, अगं बाई, जन्मभर दार दार करून माझं डोकं खाल्लं आणि आता दारच काढून बसले! काका म्हणाले, म्हणून तर, आता ओरडावं लागणार नाही.

पाच-सहा पोळ्या टेबलावर लाटायच्या आणि आत जाऊन भराभर भाजायच्या, असं ठरलं. पण पहिल्या पोळीच्या कडा पंख्याने सुकल्या, ती फुगेना. मी सांगायच्या आतच काका उठले, पंखा बंद केला, आणि पेपरची घडी करून स्वतःला वारा घालत बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस, माझ्या पोळीसाठी. बाकीच्या खोल्यांची दारं मात्र त्या दिवसापासून दुप्पट कडक. तेवढं चालतंच.

अठरावाल्यांना मी विचारलं, दार उघडं ठेवाल का, सकाळी येऊ का? ते म्हणाले, थंडी निघून जाईल. मग मी निघून आले. आमच्या ह्यांना वाटलं, आता ही घरी बसेल. पण दोन घरं आणखी मिळाली. गोळी घेते, बीपी ठीक आहे, आणि कोणी नवं बोलावलं की मी आधी त्यांच्या हॉलमध्ये उभी राहून विचारते, तुमचा एसी स्वयंपाकघरापर्यंत येतो का? लोक हसतात. हसू देत. हो म्हणाले तर पदर खोचते, नाही म्हणाले तर त्यांनाही देव सुखी ठेवो, पोळ्या त्यांनी कराव्यात.