वरच्या खुणेपर्यंत

—फसवतात हो लोक, सरळ सरळ फसवतात, आणि वर चेहरा असा की जगात यांच्याइतकं सज्जन कोणी नाही. जुनी गाडी विकायची ठरली की पहिलं काम काय, तर जाडं ऑइल ओतायचं. आतला खडखडाट दबतो, घेणारा एक चक्कर मारतो, म्हणतो वा, काय शांत इंजिन आहे — आणि दोन महिन्यांनी गॅरेजच्या पायरीवर बसलेला असतो. तुम्ही आवाजाचं विचारलंत म्हणून सांगतेय. ही टकटक ऐकू येतेय ना? येऊ दे. ती मी दाबली नाहीये. दाबता आली असती, तरी नाही. — बेल्ट लावा ना प्लीज, काटई नाक्याला पोलीस उभे असतात. आणि हे अहो-जाहो सोडूया का? वर मोठ्यांसमोर ठीक होतं. तू माझ्याहून वर्षभराने मोठा, त्यात काय एवढं. मी तू म्हणते, तूही म्हण. नको म्हणालास तरी मी म्हणणारच आहे.

खिडकाळीच्या देवळात जाऊन या, म्हणे. मधुमामाची ही पद्धत आहे, मुला-मुलीला जरा मोकळं बोलता यावं म्हणून खिडकाळीला पाठवायचं. तुझ्याआधीही पाठवलंय, दोघांना. महादेवाला आता मी तोंडओळखीची झाले असेन. पण शीळ रस्त्याला रविवारी संध्याकाळी कोणी देवाला पाठवतं का, सांग. पोचेपर्यंत लग्न ठरून मोडायची वेळ येते. बघ, थांबलंच सगळं. इथून आता काही हलत नाही. मामा म्हणाला, आवडीनिवडी विचार. विचारते. पण आधी माझी सांगते, म्हणजे तुझा वेळ जाणार नाही — माझी आवड ऑइल. हसू नकोस, खरंच. केमिस्ट्री केलीय मी, एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत लॅबला आहे, दिवसभर काय कशात विरघळतं आणि काय विरघळत नाही हेच बघते. तर ही गाडी. पावणेदोन लाख किलोमीटर झालेत. बाबांनी नवीन घेतलेली, मी शाळेत होते. दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही, बाबाच चालवायचे — चालवतात. बाबाच चालवतात. आज मी चालवतेय कारण आपल्याला जायचं होतं.

इतक्या चाललेल्या इंजिनात काय होतं, तर ऑइल जळून जळून आत काळा चिकट थर बसतो. तुमच्या घरात चिमणीच्या वर हात फिरवलायस कधी? तसा. ऑइल भरायचं झाकण उघडलं तर झाकणाच्या आतल्या बाजूला पण तोच. मी बोटाने काढून बघितला, खीर आटून खाली लागते ना, तसा रंग. आता बाजारात अशा जुन्या इंजिनांसाठी वेगळं ऑइल मिळतं, त्यात साफ करणारी रसायनं जास्त असतात. ती तो थर हळूहळू सोडवतात — हळूहळू हे महत्त्वाचं — आणि ऑइलमध्येच धरून ठेवतात, मग फिल्टरमध्ये अडकतो किंवा ऑइल बदलताना बाहेर जातो. एकदम नाही करायचं. ते दहा मिनिटांत इंजिन धुऊन देतो वगैरे सांगतात ना, त्याने मोठे तुकडे सुटतात आणि खालच्या जाळीत अडकतात, मग वर ऑइलच पोचत नाही. पण हळू केलं तर होतं. ऑइल लवकर काळं पडतं, लोक घाबरतात, अरे पण काळं पडतंय म्हणजे काम करतंय. पोछ्याचं पाणी काळं झालं म्हणून कोणी फरशीला दोष देतं का?

पण आमच्याकडे सगळ्यांचं एकच मत. मामाचं, आणि ठाकुर्लीला साईनाथ म्हणून आमचा गॅरेजवाला आहे, त्याचं. साईनाथ चांगला माणूस आहे, पण त्याचं म्हणणं काय, तर जुन्या घाणीला हात लावायचा नाही. म्हणतो, ताई, ती घाणच सगळे रबराचे सील धरून असते, ती सुटली की गळती सुरू. मी म्हटलं, म्हणजे तुमचं इंजिन घाणीच्या भरवशावर चाललंय. तो म्हणाला, ताई, सगळ्यांचंच तसं चालतं. मला असलं बोलणं डोक्यात जातं. चाललंय ना, मग चालू दे. बंद पडेल तेव्हा बघू. — जाऊ दे त्या रिक्षाला पुढे, त्याची तब्येत बरी नसेल. — तर मी ऐकलं नाही. ते ऑइल आणलं, जास्तीचे दोन डबेही आणून ठेवले, साईनाथने नाराजीने भरलं. आणि बाबांना सांगितलं, बाबा, गाडीतल्या ऑइलकडे लक्ष ठेवा, सुरुवातीला थोडं कमी होईल. एकदाच सांगितलं. जाता जाता, चपला घालताना.

आणि महिन्याभरात गळायला लागली. हो ना. खाली पार्किंगमध्ये आमच्या सोसायटीने नवे पेव्हर ब्लॉक बसवलेत, त्यावर हा एवढा काळा डाग, मागून निळा धूर. सेक्रेटरीबाईंनी ग्रुपवर फोटो टाकला, खाली नाव नाही, पण आमच्या नंबरप्लेटचा अर्धा भाग व्यवस्थित फोटोत. मामा खास शहाडहून आला. बघायला. डागाभोवती एक फेरी मारली आणि वर येऊन चहा मागितला. साईनाथ फोनवर म्हणाला, सांगितलेलं. मामा म्हणाला, हे काढ, जाडं टाक, आणि विकून टाक कोणाला तरी. कोणाला तरी. हे शब्द ऐक तू. म्हणजे आपल्या घरातली गळती दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये.

मला झोप नाही आली. गाडीचं सोड, मी चुकले असेन तर चुकले, पण पटेना. म्हणून सकाळी खाली गेले आणि डिपस्टिक काढली — बॉनेटखाली ती ऑइल मोजायची पट्टी असते ना, खाली एक खूण, वर एक खूण, ऑइल दोन्हींच्या मध्ये हवं. गळतेय म्हणजे खालच्या खुणेखाली असणार. तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. बरंच वर. पुसून परत घातली, परत तेच. आता विचार कर, गळणाऱ्या गाडीत ऑइल वाढतंय. जास्त झालं की आत फेस होतो, दाब वाढतो, मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. म्हणजे सील गेलेलेच नव्हते. माझ्या ऑइलने काही केलेलं नव्हतं. तुला सांगते, इतका आनंद झाला मला. मी बरोबर होते. मला एवढंच सिद्ध करायचं होतं की कोणीतरी वरून ओततंय. साईनाथवर संशय आला, शेजारच्या गाडीवाल्यावर आला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी पार्किंगमध्ये खांबामागे जाऊन उभी राहिले, मोबाइलचा कॅमेरा चालू करून. पुरावा हवा म्हणून.

बाबा आले.

अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत ऑइलचा डबा. बॉनेट उघडलं, वर्तमानपत्राचं नरसाळं केलं, सावकाश ओतलं. एक थेंब सांडला नाही. नरसाळं घडी करून कचऱ्यात टाकलं, हात पुसले, वर गेले. मी खांबामागेच. काय करावं सुचत नव्हतं, म्हणून उभीच राहिले. आणि लिफ्ट परत खाली आली. बाबा. तोच शर्ट, तोच डबा, नवीन वर्तमानपत्र. मी पुढे झाले, म्हटलं, बाबा, आत्ताच टाकलंत ना? तर म्हणाले, "कुठे? आत्ता तर येतोय. तू सांगितलंस ना, लक्ष ठेवा."

— हॉर्न मला नाही देत तो, पुढच्याला देतोय.

मघाशी खोटं बोलले मी. बाबा नाही चालवत आता. ठाण्याला डॉक्टरांना दाखवलं, तुमच्या घराजवळच, तीन हात नाक्यावरून पुढे. विसरण्याचा आजार आहे, सुरुवात आहे, वाढत जाईल. आईचा वाढदिवस विसरतात, घराचा मजला विसरतात, जेवलो की नाही ते विसरतात. आणि मी जाता जाता चपला घालताना सांगितलेलं एक वाक्य, ते नाही विसरत. रोज सकाळी उठतात आणि ऑइल टाकायला निघतात. जास्तीचं ऑइल साईनाथने काढलं, गळती थांबली, आणि डबा आता खाली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलाय. तानाजीकाका रोज सांगतात, साहेब, आजचं टाकून झालंय. मग बाबा थोडा वाद घालतात, वर येतात, थोड्या वेळाने परत जातात.

मामाने तुझ्या आईला काय सांगितलं आठवतंय? भावजी मितभाषी आहेत. बाबा आणि मितभाषी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांना खाली बसवायला ठराव मांडावा लागायचा. तुझ्या लक्षात आलं असेल, तुझे बाबा काही विचारायचे की उत्तर मामा द्यायचा. ठरवूनच बसलेला तो तिथे, सोफ्याच्या त्या टोकाला. आमच्याकडे असं ठरलंय की लग्न होईपर्यंत कोणी काही बोलायचं नाही, नंतर हळूहळू सांगू. एकच मुलगी, वडील असे, म्हणजे मुलगी माहेरात अडकणार असं लोक म्हणतात, असं मामाचं म्हणणं. वाईट नाहीये तो. माझ्यासाठीच करतोय. आज निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, बाकी काही पण बोल, गाडीबद्दल बोलू नको. आणि तू बसल्या बसल्या विचारलंस, हा आवाज कसला. मी काय करणार.

आणि लोक म्हणतात ते खरंच आहे. मी अडकणार आहे. तुझं ते पुण्याच्या ऑफिसचं चाललंय ना, मी पुण्याला येणार नाही. ठाण्यापर्यंत येईन, तिथून रोज जाऊन येऊन करता येईल. त्यापुढे नाही. हे मला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं होतं, ऑइलमध्ये वेळ गेला.

इथून वळवते. देऊळ राहू दे, महादेव समजून घेईल. — नाही, काही बोलू नका लगेच. तुम्ही चांगले आहात म्हणून लगेच काहीतरी चांगलं बोलाल, आणि मग तेच धरून बसावं लागेल दोघांना. तुम्ही वर जा, चहा घ्या, आईने साबुदाणे वडे केलेत, ते खा, आणि घरी जाऊन फोनवर नाही कळवा. कारण काहीही सांगा. मुलगी ऑइलवर फार बोलते म्हणा, मामा लगेच मान्य करेल. मला अजिबात वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण ते तुमचं काम नाही. फक्त बाबांचं वर कोणासमोर काढू नका. आई त्यांच्या शेजारी बसलेली असते ना, ती हसत असते, पण तिने त्यांच्या शर्टाची बाही धरलेली असते.

आलं. हे आमचं गेट. — अरे देवा, बाबा खालीच आहेत. केबिनशी. डबा मागतायत. पाहुणे घरात असताना मामाने कसं सोडलं? — बाबा, आलेच मी, थांबा. तानाजीकाका, त्यांना म्हणावं झालंय टाकून. म्हणालात? बरं. — तुम्ही उतरा, लिफ्टने वर जा, चौथा मजला. मी आणते त्यांना. हो, जा तुम्ही.

वर जा म्हटलं ना. बॉनेट कशाला — ते उघडायचं खालून आहे, स्टिअरिंगच्या डावीकडे. अहो पण तुम्ही — जरा थांब, इंजिन गरम आहे, ऑइल खाली उतरू दे. बाबा, हा सलिल. मघाशी वर भेटलात ना. नाही, ऑइल टाकत नाहीये तो, बघतोय फक्त. — पिवळी कडी, ती ओढ. आता पूस. शर्टाला नको, त्या फडक्याने. परत पूर्ण आत घाल, मग काढ. हं. बाबांना दाखव. जवळ धर, चष्मा नाहीये त्यांना. — बाबा, दिसतंय? वरच्या खुणेपर्यंत आहे. भरलेलं आहे. हो. आज नको. — हो बाबा, तो म्हणतोय ते बरोबर आहे, उद्या परत बघू.

गेले. डबा परत न मागताच गेले.

तू पट्टी हातात धरून काय उभा आहेस, घाल ती आत.

तानाजीकाका केबिनच्या दारातून बघतायत. म्हणतायत, "मी रोज तोंडाने सांगत बसलो, साहेब, भरलंय, साहेब, भरलंय. पट्टी काढून दाखवायचं काय सुचलंच नाही बघा."