पंच यायच्या आधी लिंपलेली भिंत

...आणि वर मलाच म्हणते, “नलूताई, पक्क्या इटाची भिंत झाली, पाह्याले या ना!” पाहायला यायचं काय त्यात, माझ्या मागच्या दारातून दिवसभर तीच तर दिसते! मी जळत नाही हो, तुम्हाला सांगते, मुळीच जळत नाही... पण विटा? आणि त्या शेजारच्या पंचफुलेला?

अहो, कापसाच्या जिनिंगचा ट्रक मागं घेताना घुसला तो दोन्ही घरांत सारखाच! तिची मागची भिंत फुटली, तशी माझीही. जिनिंगचा मालक म्हणाला, पंच ठरवतील ते भरून देतो. उद्या पंच सदाशिवराव पाहायला येणार म्हटल्यावर मी काय करावं? परका माणूस घरात येणार, त्याला फुटकी भिंत कशी दाखवायची? बाळाला पाळण्यात टाकलं, पदर खोचला, भेगा चिखलानं बुजवल्या, भिंत लिंपली, पांढऱ्या मातीनं पोतारली... वर दोन कमळंही काढली! सातवी पास आहे ना मी!

आणि पंचफुला? ढेकूळ हलवलं नाही तिनं! पडल्या मातीत फतकल मारून, “पाहा ना भाऊ, काय राह्यलं माह्यं?” तिथून सदाशिवराव माझ्याकडे. मी चहा ठेवला. ते भिंतीकडं बघतात, कमळांकडं बघतात, “बाई, तुमचं नुकसान कुठं हाय?” आणि मी म्हणावं काय, “तसं फार नाही लागलं...” जीभ झडली कशी नाही माझी! “वा! घर असं ठेवा लागते!” तिला विटा, मला दोन टोपल्या माती आणि ही शाबासकी!

जळत नाही हो मी! पण आठ दिवसांत लिंपण सुटलं, पौषातला वारा भेगेतून थेट पाळण्यावर, पोराची छाती घरघरायला लागली. आमचे हे म्हणाले, “पुन्हा पंचांना बोलवू या?” बोलावून सांगू काय? कमळं चुकून उमलली म्हणून?

काल संध्याकाळी पंचफुला दारात हजर. “कायले लेकराचा जीव घेता, ताई? निजवा त्याले माह्या खोलीत. नाहीतं मीच उचलून नेतो!”

गेले. करते काय? पोरगं तिच्या विटांना पाठ लावून असं गाढ झोपलं, एकदा खोकलं नाही... उचलायला गेले तर भोकाड! मग टेकले मीही जराशी. जळत नाही हो... पण तुम्हाला सांगते, भिंत मेली खरंच उबदार आहे!