देवरे सर आणि भाद्रपदातला बांबू

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती देवरे सर, त्यांना एवढी वर्षं सांभाळणाऱ्या काकू आणि पहिल्या एसटीने हरसूलहून नाशिकला आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

मी पल्लवी भोये. हरसूलचं आमचं टोपल्यांचं केंद्र मी पाहते. निवृत्त होईपर्यंत सर तिथे सहा वर्षं प्रशिक्षक होते. आत्तापर्यंत सगळे त्यांच्या गुणांवर बोलले. मला त्यांच्या एका चुकीवर बोलायचंय. सर, घाम आला तर शाल काढून ठेवा.

सर नवीन होते. निफाडच्या एका बागायतदाराने द्राक्षं भेट द्यायला दोनशे टोपल्या सांगितल्या. सरांना कोण घाई! ऐन भाद्रपदात बांबू तोडायला लावला. जन्मभर टोपल्या विणलेल्या आमच्या ठमाबाई म्हणाल्या, "सर, आता बांबूत पाणी लय हाय. थंडीत तोडू. नायतर भुंगा लागंल."

"ठमाबाई, मी डिप्लोमा केलाय," सर म्हणाले.

आता भुंग्याला वाचता येत नाही, त्याला सर तरी काय करणार?

टोपल्या सुरेख झाल्या, खोलीत रचून ठेवल्या. जानेवारीत खोली उघडली, तर प्रत्येकीखाली पिठासारखा भुगा. हात लावला की कामटी मोडायची. बारा बायांची मेहनत मातीत गेली, आणि माल द्यायला उरले दहा दिवस. नेमके तेव्हाच वरच्या कार्यालयातले साहेब तपासणीला आले. म्हणाले, "बायांनी नीट वाळवलं नसेल."

सरांनी नुसती मान हलवली असती, तरी भागलं असतं. पण ते म्हणाले, "नाही साहेब. यांनी मला बजावलं होतं, मीच ऐकलं नाही. चूक माझ्या नावावर लिहा."

साहेबांनी लिहिली. सरांच्या सेवापुस्तकात ती अजून आहे.

साहेब गेल्यावर सर ठमाबाईंसमोर जमिनीवर बसले. "आता हो काय करायचं?"

ठमाबाई हसल्या नाहीत. "वढ्याला निगडी हाय ना," एवढंच म्हणाल्या.

निगडीच्या, म्हणजे निर्गुडीच्या, ओल्या, लवचिक फांद्यांच्या पाट्या आमच्याकडे घरोघरी असतात. सरांना मात्र निगडी म्हणजे गुडघे शेकायचा पाला! ते भारे वाहू लागले, फांद्या सोलू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांची बोटं पाहून आम्हीच हात जोडले, "सर, तुम्ही चहा करा." चहा चांगला करतात, काकू.

दहाव्या दिवशी बागायतदार आला. सावळ्या, उग्र वासाच्या त्या टोपल्या बराच वेळ हातात फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "पुढच्या साली पण अशाच करा."

शाळेचा दाखला नाही म्हणून ठमाबाईंना प्रशिक्षकाची जागा मिळत नव्हती. त्यासाठी सर दोन वर्षं कार्यालयाचे जिने चढले. परवा आदेश आला. सोमवारपासून सरांच्या जागी ठमाबाई शिकवतील. पहिल्या तुकडीत अकरा मुली आहेत आणि एक सेवानिवृत्त गृहस्थ. काल ते अर्ज घेऊन आले, तेव्हा ठमाबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. "घेते. पर मधीमधी बोलायचं नाय."

आयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

सर, सोमवारी दहा वाजता. वेळेवर या.