दंवाच्या भरवशावर

मंडळी, बोलायला उभा राहिलो खरा, पण कानात एक आवाज आहे, तो काही जात नाही. सागाच्या वाळक्या पानांवरून चालण्याचा. पापडांच्या ढिगावर पाऊल पडावं तसा. वामन जंगलखात्यात नुकताच लागला होता, आणि होळीच्या सुट्टीत मी आदिलाबादकडे त्याच्या मुक्कामी गेलो होतो. तेव्हाचा हा आवाज. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेलो, तर पौषातल्या सकाळी त्याच वाटेवर पाऊल वाजेना. "दंव आहे," तो म्हणाला. "दंव आहे तोवर जंगल झोपलंय असं समज."

तुम्ही सगळे ऑफिसांतून, दुकानांतून, भर उन्हातून वामनच्या शोकसभेला आलात. वहिनी समोर बसल्या आहेत. त्यांच्याकडे बघून बोलणं अवघड जातंय. तो पंखा जरा कमी करा. नको, राहू द्या.

आम्ही दोघं इथल्याच, हैदराबादच्या मराठी शाळेतले. कवितेत वणवा आला की मी तो हातवारे करून, तालावर म्हणायचो. खरा वणवा पाहिल्यावर वामन मला म्हणाला, "वणव्याला यमक नसतं रे. तो दुसरी ओळ कुठे टाकील, सांगता येत नाही."

आणि मग काही वर्षांपूर्वी, त्याच्या निवृत्तीच्या सुमारास, आम्ही पुन्हा त्या वाटेवर गेलो. पौष होता. सकाळ होती. पाऊल वाजलं. तो थांबला. मीही थांबलो. "पौषात पाऊल वाजतंय," एवढंच म्हणाला, आणि दिवसभर त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

मी म्हटलं, अरे, एखादं वर्ष असतं तसं. तो म्हणाला, "एका वर्षाचं बोलत नाही मी, नोकरीभराचं बोलतोय. रात्री पूर्वीसारख्या गार होत नाहीत. गवत लवकर वाळतं. काडी आजही माणूसच ओढतो. पण ती विझणार की पळणार, ते हवा ठरवते. आणि हवा तापत चाललीय."

हैदराबादेत तेव्हा कोणाला हे ऐकायला वेळ होता? घरोघरी केबल आली होती, पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती, नाक्यावर परदेशी थंड पेयांच्या पाट्या लागत होत्या. वामन उन्हाबद्दल बोलायला लागला की लोक त्याला कूलरचा भाव सांगायचे.

तिकडे डोंगराच्या पायथ्याला गंगव्वा म्हणून एक बाई आहे. मोह वेचते. फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा पेटवायचा, म्हणजे जमीन साफ होते आणि फूल दिसतं, ही तिथली रीत. संध्याकाळी पेटवायचं आणि घरी निघून जायचं. पहाटे दंव विझवतं. तिची आई असंच करायची, आजीही. दंवाच्या भरवशावर पिढ्या गेल्या त्यांच्या.

गेल्या साली दंव आलंच नाही. आग डोंगर चढली. वामन सहज भेटायला म्हणून गेला होता, तो हिरव्या फांद्या घेऊन गावकऱ्यांबरोबर धुरात उभा राहिला. घरटी गेली, बांबूचे कोंब गेले, बैलांचं गवत गेलं. खुद्द गंगव्वाची मोहाची झाडं होरपळली. हा छातीत धूर घेऊन आला. डॉक्टर काहीही म्हणोत, ज्यात तो गेला तो खोकला तिथलाच होता.

त्या राखेत उभं राहून त्याने तिला सांगितलं, बाई, पेटवू नका, झाडून घ्या. ती काय म्हणाली असेल? "सायेब, जंगल झाडून काढाचं? मग बायकोला घेऊन या की तुमच्या." वहिनी, हसलात. बरं वाटलं.

या माघात याने अफझलगंजातून खराट्यांचा भारा घेतला. मी गौलीगुड्याच्या बसस्टँडवर पोचवायला गेलो होतो. कंडक्टर म्हणाला, "क्या साब, जंगल कू झाडू मारने जारैं?" वामन म्हणाला, "हौ. तुम भी चलो." गावात खराटे वाटून आला. पुन्हा जाण्याची ताकद राहिली नाही. शेवटच्या आठवड्यात अंबरपेठेतल्या खाटेवर मला विचारायचा, "वापरले असतील का रे?" मी म्हणायचो, असतील. तो भिंतीकडे बघायचा. "नाही. चुलीत गेले असणार."

मंडळी, हेच मला बसू देत नाही. माणूस गेला, तो उत्तर न मिळता गेला. आणि बाहेर चैत्रातच असं ऊन आहे.

आता आपण उभे राहू. वामनसाठी दोन मिनिटं कोणी काही बोलू नये.

थांबा. दारात कोणी आहे. पंखा बंद करा हो, ऐकू येत नाही. या, बाई. चपला असू द्या, आत या.

वहिनी, ही गंगव्वा.

मागे ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. ती अंबरपेठेला घरी गेली होती. घराला कुलूप. शेजाऱ्यांनी नुसता इथला पत्ता दिला. सायेब कुठं बसलेत, विचारते आहे. तिला त्याचा हार घातलेला फोटो अजून दिसलेला नाही.

तिच्या हातात बघा. मुठीएवढा उरलाय तो खराटा. झिजला म्हणते. नवा मागायला आली आहे.