हौ म्हंजे व्हयच की

...न्हाय, मला येवढंच सांगा, आमच्या बेळगावात एखाद्यानं तोंड उघडून 'हौ' म्हटलं तर त्येचा अर्थ काय? हौद म्हना, हौदरी म्हना, कन्नडात सगळं व्हयच. बशीतला कंडक्टर हौ, बाजारातली बाई हौ, जल्मभर ऐकत आलोय. मग त्या नागेंद्र सरानं 'हौ' म्हटल्यावर मी उठून आलो, तर चुकलं कुनाचं?

तुमास्नी सांगतो, आमची प्रियदर्शनी धाव्वीला हाय. साळंच्या ग्यादरिंगात एकाच पोरीला इंग्रजीत भाषन करायला मिळनार, विषय 'माझे वडील', आन सरानं हिचं लिवलेलं परत दिलं. पोरगी जेवंना. माजं डोस्कं तापलं. शेतातली मानसं म्हून आमची पोर मागं सारता व्हय? गाडीला किक मारली ती थेट खासबागात, सराच्या दारात. सर हुबळीकडचं, मानूस थंड, बोलनं निम्मं मराठी, निम्मं कन्नड, वर इंग्रजीचा शिडकावा. म्हनलं, सर, फिरवून बोलू नका, पोरगी हुशार हाय का न्हाय?

"हुशार आहे की भरमाण्णा. छान लिहिती. हौएव्हर..."

झालं की! हौ म्हनलं! फुडचं कोन ऐकतंय? हात जोडलं, भाईर पडलो, येताना मिठाईच्या दुकानातनं कुंदा घेतला आन गल्लीभर वाटला. पोरगी भाषनाला उभी ऱ्हानार, सरानं हौ म्हटलंय... हौ म्हंजे व्हयच की!

घरी आलो तर पोरगी कपाळाला हात लावून बसली.

"आप्पा, हौएव्हर म्हंजे व्हय न्हवं. हौएव्हर म्हंजे पण."

पण? म्हंजे आदी गोड बोलायचं, मग मधी ह्यो पण घालायचा, आन खरं काय त्ये त्येच्या फुडं? आन मी नेमका तितंच उठून आलतो! आता गल्लीनं खाल्लेला कुंदा काय माघारी मागू?

गेलो परत. ह्या खेपंला दात आवळून सगळं ऐकलं. सर म्हनलं, हिची वाक्यं बरी हाईत, पण भांडलेल्या जावांवानी शेजारी शेजारी उभी, एकमेकीशी बोलत न्हाईत. मधी 'म्हणून' न्हाय, 'तरीबी' न्हाय. आन सुरवात? आदी जग, मग देश, मग इंटरनेट... आन वडील बिचारं पार शेवटी, पाव्हन्यांची पंगत उठल्यावर आल्यावानी. उद्या नीट करून आनू दे म्हनलं.

आनलं की पोरीनं! सर ह्या बारीला खरंच हौ म्हनलं, पार शेवटपातुर, मी दोनदा इचारून घेतलं.

ग्यादरिंगात मी फुडच्या रांगंत, बाजूला आमचं शेजारी मारुतीराव. पोरगी माईकम्होरं आली आन पयलंच वाक्य... "माय फादर शाऊट्स ॲट बफेलोज." सगळा मांडव हसला. अवो, बफेलो म्हंजे म्हस येवढं मलाबी कळतंय! चारचौघात बापाचं असं वाभाडं काढायचं? रागानं अर्धा उठलोच, तवर पोरगी थांबली, माज्याकडं बघितलं, आन हळूच म्हनली, "हौएव्हर..."

मी खाली बसलो. मारुतीरावाला कोपर मारलं, म्हनलं गप ऱ्हा, आता पालटतंय बघ, खरं ह्येच्या फुडं हाय. फुडचं एक अक्षर कळलं न्हाय, पण पयली टाळी माजीच. मागनं सरानं मराठीत सांगितलं, ती म्हनलेली, तरीबी म्हस आप्पाबिगर कुनाला पान्हा सोडत न्हाय.

आता ह्ये म्या गल्लीत कितींदा सांगितलं त्ये इचारू नका.

पण घरात नवीनच भानगड झालीया. आमच्या मंडळीनं, राजाबाईनं, त्यो शब्द उचललाय. काल जेवून हात धुतला तर लाडात येऊन म्हनती कशी, "तुमच्यावानी मानूस पंचक्रोशीत न्हाय बगा. हौएव्हर..."

मी फुडचं ऐकलंच न्हाय. 'हौ' म्हनलो, आन शेणाचं घमेलं उचललं.