मौलानांनी पाठवलंय

— अहो नाही, हा कागद आता परत मिळायचा नाही. तुम्हीच पडद्याखालून सरकवलात ना? 'भाभी, मौलानांची एवढी सही घेऊन ठेवा, साहेबांची इफ्तार आहे, सहाला स्टेजवर पोचायचंय, गाडी खाली उभी आहे' — सरकवलात तर सरकवलात, मी वाचला. तुम्हाला वाटलं असेल, पडद्यामागची बाई, मौलवीची बायको, हिला काय मराठी वाचता येणार! प्रज्ञेश नाव ना तुमचं? तर प्रज्ञेश, मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, सासवडच्या बाजूला, आणि मराठीत मला त्र्याऐंशी मार्क होते. घरात आम्ही उर्दू बोलतो, पण भांडायला मला मराठीच बरी पडते. बसा. खुर्ची पुढे ओढू नका, आहे तिथंच बसा. तांब्यात पाणी आहे, प्या — रोजा आमचा आहे, तुमचा नाही, उगाच लाजू नका. मौलाना खाली मशिदीत मुलांना शिकवतायत, धडा संपल्याशिवाय ते कुणासाठी उठत नाहीत. तोवर मी पपई कापतेय आणि बोलतेय. सुरीचा आवाज जरा जोरात येतोय का? येऊ दे.

काय लिहिलंय म्हणून मलाच विचारता? टाइप तुमच्याच नगरसेवकसाहेबांच्या ऑफिसात झालंय की! ऐका तर — 'कब्रस्तानच्या पूर्वेकडील बारा फूट जागा रस्ता रुंदीकरणासाठी देण्यास व तेथील कबरी अन्यत्र हलवण्यास शरीयतीनुसार कोणतीही हरकत नाही.' खाली मौलानांचं नाव आणि पुढे तीन ओळी पदव्या, त्यातल्या दोन त्यांच्या नाहीतच. आणि त्यांना काय सांगितलंत फोनवर? शुभेच्छापत्र! रमजानच्या शुभेच्छा! वा. ते बिहारकडचे, पूर्णियाचे. अरबी वाचतात, फारसी वाचतात, उर्दू तर त्यांचीच. पण मराठी — बावीस वर्षं पुण्यात आहेत, बोललेलं सगळं कळतं, वाचायचं म्हटलं की एकेक अक्षर लावत बसतात, बसची पाटी वाचून होईपर्यंत बस पुढच्या स्टॉपला पोचलेली असते. म्हणून या घरातला प्रत्येक मराठी कागद मी वाचते, लाइटबिलापासून महापालिकेच्या नोटिशीपर्यंत. त्यांना वाचता येत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. मला येतं, हे नव्हतं. तिथं चुकलात.

आणि पूर्वेकडची बारा फूट म्हणजे काय, ते ठाऊक आहे? भिंतीलगतची पहिली रांग. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत जागा उरली नव्हती, तेव्हा झाडोरा तोडून ती पट्टी मोकळी केली. सत्तावीस कबरी आहेत तिथं. सख्खी मुलं फाटकाबाहेर उभी राहायची, आत यायची हिंमत नाही — मी त्यांना नावं ठेवत नाही, भीतीच तशी होती. सत्तावीसपैकी बावीसजणांना माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातांनी खाली उतरवलंय. त्या प्लॅस्टिकच्या कपड्यांत, एप्रिलच्या उन्हात. घरी आले की जिन्यातच आंघोळ करायचे आणि गॅलरीत झोपायचे, चाळीस दिवस मी त्यांना ताट लांबून सरकवलंय. तेव्हा तुमचे साहेब कुठं होते हो? फार्महाउसवर! आणि आता त्याच माणसाच्या सहीनं तीच माणसं उकरून काढायची, वर त्याला शाल पांघरायची, समोर खजूर ठेवायचे! लाज कशी वाटत नाही? — तुम्हाला नाही म्हणत. तुम्हालाही म्हणते. या पिशवीत शालच आहे ना? जरीची दिसतेय. छान.

माझे अब्बा असते ना, तर तुम्ही इथवर पोचलाच नसता. गावच्या लहानशा मशिदीत इमाम होते, नाव काही मोठं नव्हतं. एकदा तहसीलदारानं ईदच्या कार्यक्रमासाठी जीप पाठवली, तर अब्बांनी ड्रायव्हरला सांगितलं, साहेबांना म्हणावं, चटई इथं अंथरलेली आहे. आणि आला की तो माणूस! अब्बांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि तोंडावर सांगितलं की तुमचा तलाठी एका सहीसाठी विधवा बायांना सात-सात खेपा घालायला लावतो, आधी ते बघा. पुन्हा काही तो आला नाही. अब्बा हसून म्हणाले, पाणी आवडलं नसेल. त्यांचा एकच नियम — हाकिम, सत्तेवरचा माणूस, आपल्या दारात आला तर त्याला मानानं बसवायचं, खरं असेल ते सांगायचं, पण आलिमानं, विद्यावंतानं, त्याच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. कारण एकदा त्याच्या सतरंजीवर बसलात की उठताना विचार करावा लागतो. आणि ज्याला विचार करून खरं बोलावं लागतं, तो काय खरं बोलणार?

मौलानांना हे पटत नाही, तसं नाही हं. पण ते म्हणतात, सफूरा, तुझे अब्बा खेड्यात होते, शहरात असं दार लावून बसता येत नाही. हाकिमाच्या कानाशी चांगली माणसं गेली नाहीत तर वाईट जातात, मग त्याला खरं सांगणार कोण? आता हे बोलणं काही खोटं नाही. मग मी बघत राहिले. गेल्या वर्षभरात तुमची गाडी सहा वेळा आली. एकदा शांतता समितीची बैठक होती, गणपतीच्या आधी — त्याला मी काही म्हणत नाही, ते कामच आहे. पण बाकीचे? व्यायामशाळेचं उद्घाटन. पेव्हर ब्लॉकचं उद्घाटन — पेव्हर ब्लॉकला दुआ लागते का हो? आणि साहेबांचा वाढदिवस! चौकात फ्लेक्स लागला, साहेब मौलानांना केक भरवतायत. दाढीला क्रीम लागलेलं, आणि माझा नवरा हसतोय. त्या दिवसापासून कोपऱ्यावरचे घड्याळं दुरुस्त करणारे ते म्हातारे मौलानांच्या मागे नमाजला उभे राहत नाहीत, गुडघे धरून पार दुसऱ्या पेठेतल्या मशिदीत जातात. पोरं मागून म्हणतात, साहेबांचे मौलाना आले. मी ऐकलंय, मंडईत, लिंबं घेताना. सहा वेळा माइक हातात दिलात त्यांच्या, आणि खरं किती वेळा सांगितलं त्यांनी? एकदाही नाही. प्रत्येक वेळी दुआ. लांबलचक दुआ, आणि साहेबांचे डोळे मिटलेले, फोटोसाठी.

मी काही बोलले की त्यांचं एकच — मी नाही गेलो, तो आला. ते खरंच आहे म्हणा. मागच्या ईदला साहेब स्वतः हा जिना चढून वर आले. तुम्हीही होतात की, इथंच, याच खुर्चीशी. ते गेल्यावर मौलाना मला म्हणाले, बघ सफूरा, तुझ्या अब्बांची अट पूर्ण झाली, हाकिम इल्मच्या, विद्येच्या दारात आला. इतके खूश! बावीस वर्षं या दोन खोल्यांत काढली, या शहरानं त्यांना कधी काही विचारलं नाही, आणि त्या दिवशी त्यांना वाटलं, आपण जे शिकलो त्याची कुणीतरी कदर केली. आणि मी आत शीरखुर्मा वाढत होते आणि भरलेल्या वाट्या घेऊन पडद्यापर्यंत आले नि दोनदा मागे फिरले — का म्हणजे? काही नाही. असंच. रोजे संपले की अशक्तपणा येतो.

— असं बघू नका पडद्याकडे, मला इथून सगळं दिसतं. बरं, ऐका मग. तुम्हाला तरी काय नवीन आहे? साहेब कशासाठी आले होते ते मला ठाऊक होतं म्हणून फिरले मागे. इल्मसाठी नव्हते आले ते. साहेबांना भेटायच्या रांगेचा नंबर चिठ्ठीवर लिहून तुम्हीच दिला होतात मला! ओळखलं नाहीत? कसं ओळखणार, काळ्या बुरख्यातल्या बायका तुम्हाला सगळ्या सारख्याच. तेविसावा रोजा होता, मागच्या रमजानात. माझ्या मुलाला, तमीमला, सकाळी चौकीवर नेलं. काय केलं होतं त्यानं? फोनवर कसलंतरी चित्र, कुणीतरी पाठवलेलं, यानं खालचा भडकाऊ मजकूर न वाचता स्टेटसला ठेवलं — न वाचता! बाप एका परीचा, मुलगा दुसऱ्या परीचा. हिंजवडीला कंपनीत लागून तीन महिने झाले होते त्याला. एक नोंद झाली असती की नोकरी गेली, आणि पुढची कधी मिळाली नसती. आणि मौलाना एतिकाफला बसलेले, खाली, मशिदीत. शेवटचे दहा दिवस, मशिदीबाहेर पाऊल टाकायचं नाही, दुनियेच्या कामासाठी उठायचं नाही. वीस पायऱ्या आहेत हो या जिन्याला! वीस पायऱ्या उतरून सांगितलं असतं तर एतिकाफ मोडून उठले असते, चौकीच्या दारात जाऊन उभे राहिले असते. मी नाही सांगितलं. मी रिक्षा केली आणि साहेबांच्या ऑफिसला आले. तुम्ही मला एकशे चाळीस नंबर दिलात. आत तेव्हा बारावा चालला होता. तिथं तुमच्या ऑफिसातली पोरं मोबाइल बघत बसलेली, आणि माझं पोर तिकडं चौकीत, आणि मी म्हटलं — मौलानांनी पाठवलंय.

दोनच शब्द. तुम्ही ताडकन उठलात, दार उघडलंत. साहेब म्हणाले, मौलानांनी पाठवलंय म्हणजे काय, बोला. फोन लावला. संध्याकाळी रोजा सोडायला तमीम घरात होता. आणि मी निघताना ते म्हणाले, कधी आम्हाला गरज लागली तर मौलाना येतील ना? आणि मी — मी म्हटलं, येतील. विचारलं नाही, सांगितलं नाही, येतील म्हटलं! त्यांच्या आयुष्यभराच्या इल्मवर मी माझ्या तोंडानं साहेबांचं नाव घातलं. तमीमला शपथ घातली, अब्बूंना कळू द्यायचं नाही. म्हणून साहेब ईदला आले, म्हणून प्रत्येक वेळी गाडी येते, म्हणून तुम्ही बिनधास्त कागद सरकवता, कारण तुमच्या लेखी हा माणूस देणं लागतो. आणि त्याला वाटतं, आपला मान ठेवतायत! फ्लेक्स बघून मी त्यांच्यावर ओरडले, म्हटलं, अब्बा असते तर तुमच्या हातचं पाणी प्याले नसते. असं म्हटलं मी. मी! मान खाली घालून ऐकून घेतलं त्यांनी. तुमच्यावर कसली रागावू मी, तुम्ही नंबर वाटणारे. तुमच्या साहेबांच्या उंबऱ्याला या घरातून पहिला पाय लागला तो —

काय झालं? उभे का राहिलात? बसा म्हटलं ना. तिकडं काय बघताय? दारात कोण —

कब से खड़े हैं आप?

मुलं सुटली? आज लवकर? ... थांबा, मराठीतच सांगते. तुम्हाला कळतं, आणि उर्दूत मला हे तुमच्यासमोर सांगता येणार नाही. हो. तुमचं नाव घेतलं. तमीमसाठी. हो, तुम्ही खाली होतात तेव्हा. ... कागद ना, हा घ्या. पपईचा डाग पडलाय. वाचू? वाचते. 'कब्रस्तानच्या पूर्वेकडील बारा फूट जागा' — हो. तीच रांग. 'कबरी अन्यत्र हलवण्यास' — हो, असंच लिहिलंय. तुमच्या नावानं.

माझ्यावर ओरडा. ... चपला? कोणत्या? त्या जुन्या? पलंगाखाली आहेत, देते. पण कुठं निघालात? अहो, तिथं कशाला, मी एवढा वेळ बोंबलतेय ते तुम्ही जाऊ नये म्हणूनच ना! नका सही करू, झालं, घरी बसा, तुम्हाला बरं नाही असं सांगतील हे. माइकवर? माइकवर काही बोलू नका, ऐका माझं, तमीमची कंपनी आहे, ज्या फोननं तो बाहेर आला त्याच फोननं पुन्हा — अहो, रोजा तरी सोडून जा. पाणी तरी —

गेले.

तुम्ही कशाला थांबलात आता? ही शाल उचला. कागद नाही, कागद त्यांच्या खिशात आहे. गाडी रिकामीच न्यायची. आणि साहेबांना सांगा, मौलाना येतायत म्हणावं, चालत येतायत. आणि या वेळी त्यांना कुणी पाठवलेलं नाही. जा.